घरच्या वाकळीवरून गावाच्या इतिहासाची चित्रकथा कशी करायची

कोल्हापूर भागातल्या पुष्कळ घरांत एखादी जुनी वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचं हातानं शिवलेलं पांघरूण, अजून असते. माळ्यावर, पलंगाच्या पेटीत, नाहीतर ट्रॅक्टरच्या सीटवर घडी घालून टाकलेली. तिच्यात लुगडी, धोतरं, फेटे, पोती एकावर एक शिवलेली असतात. त्यातला एकेक तुकडा कुठून आला हे विचारत गेलं की इचलकरंजीचे माग, मिरजेहून आलेली रेल्वे, इळकलचा बाजार, महायुद्धातली कापडटंचाई आणि पंचगंगेचा पूर, असं सगळं समोर येतं. त्यावरून आठ-दहा पानांची चित्रकथा करता येते. मी ती करून बसले आहे, आणि सुरुवातीला कुठे काय विचारायचं याचा जो गोंधळ होतो तो तुमचा होऊ नये म्हणून हे लिहिते.

आधीच सांगते: मायेची ऊब, आजीचे सुरकुतलेले हात वगैरे काही दिवस बाजूला ठेवा. त्या वाटेनं गेलात की दोन पानांत सगळं संपतं आणि सगळ्यांच्या आज्या सारख्याच दिसायला लागतात. कापडाकडे बघा. ते कोणी विणलं, कोणी विकलं, कोणी किती वर्षं नेसलं आणि फाटल्यावर का टाकलं नाही, एवढं कळलं तरी कथा उभी राहते.

काय काय लागेल

शिंप्याची मापपट्टी, मोठं भिंग, टॉर्च, साधा मोबाइल, जाड वही, पेन्सिल. चित्रांसाठी ड्रॉइंग शीट, काळी शाई, दोन ब्रश आणि मोजके रंग. कागदपत्रांत घरची वंशावळ (तोंडी असली तर लिहून काढा), लग्नाचे जुने फोटो, लग्नपत्रिका आणि मिळालीच तर बस्त्याची पावती. ही पावती कोणी मुद्दाम जपत नाही, पण देवघराच्या खणात किंवा जुन्या वहीत निघते. तिच्यावर दुकान, गाव, तारीख आणि कापडाची नावं असतात, म्हणजे अर्धं काम झालंच.

१. वाकळी बाहेर निघतात तेव्हा जा

नवरात्राच्या आधीचे दिवस सगळ्यात चांगले. घटस्थापनेपूर्वी आपल्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. पंचगंगेच्या घाटावर, गावोगावच्या ओढ्या-कालव्यांवर धुण्याची झुंबड असते आणि वाकळी दोऱ्यांवर, कठड्यांवर, दगडांवर पसरलेल्या दिसतात. एरवी ‘जुनी वाकळ दाखवा’ म्हटलं तर ‘कशाला, फाटकी हाय ती’ असं उत्तर मिळतं. तेव्हा मात्र ती समोरच असते. उन्हाळ्यात सुगीनंतर नवीन वाकळ शिवायला घेतलेली दिसली तर तिथेही बसा. शिवताना बायका जेवढं बोलतात तेवढं एरवी कोणी बोलत नाही.

विचारताना ‘वाकळ’च म्हणा. ‘गोधडी’ म्हटलंत तर दुकानातली मशीनवर शिवलेली, कापूस भरलेली आणून दाखवतील. कागल, गडहिंग्लजच्या पुढे सीमेकडे ‘कौदी’ म्हणून विचारलं तरी चालतं. घोंगडं हा वेगळा विषय आहे. ते मेंढीच्या लोकरीचं, सनगरांनी मागावर विणलेलं असतं. त्याचाही इतिहास मोठा आहे, पण या कथेत त्याला ओढू नका.

२. परवानगी, आणि ती कशाकशाची

वाकळ ज्या बाईनं शिवली ती हयात असेल तर परवानगी तिचीच घ्यायची. घरातल्या कर्त्या पुरुषानं ‘घ्या की फोटो’ म्हटलं म्हणजे झालं असं नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: फोटो काढू का, तुमचं बोलणं लिहून घेऊ का, आणि चित्रात तुमचं नाव घालू का. तिसऱ्याला पुष्कळ जणी नाही म्हणतात. नाव बदला, गाव तेवढं खरं ठेवा.

वाकळ घरी घेऊन जाऊ नका. ‘दोन दिवसांत देते’ म्हणून नेलेली वस्तू घरात वाद लावते. जे करायचं ते तिच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, बसून करा.

३. मोजा आणि फोटो काढा

लांबी-रुंदी, थर किती (कडेला फाटलेल्या जागी मोजता येतात), वरचे तुकडे किती हे वहीत लिहा. मग वाकळीचा नकाशा काढा. एक मोठा आयत, त्यात तुकड्यांचे आकार, प्रत्येकाला क्रमांक. पुढे प्रत्येक गप्पेत ‘तो क्रमांक ७ चा निळा’ असं लिहिता येतं, म्हणून हा नकाशा टाळू नका.

एक फोटो सरळ वरून. दुसरा सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, म्हणजे टाके उठून दिसतात. धावदोरा कडेनं चौकोनी फिरत मध्यापर्यंत आला आहे की एका बाजूनं सरळ ओळींत गेला आहे, तेही बघा. मध्येच टाक्याची लांबी बदलली असेल तर तिथे दुसरा हात बसला आहे. जावेचा, लेकीचा, नाहीतर मजुरीनं शिवणाऱ्या बाईचा. तो कोणाचा हे नक्की विचारा, कारण वाकळ एकटीनं शिवली असं सांगणाऱ्या घरातही बहुतेक वेळा दोन-तीन हात निघतात.

उसवून बघू नका. आतला थर दिसावा म्हणून एक टाका काढला की पुढचे आपोआप निघतात. फाटलेल्या कोपऱ्यातून टॉर्च मारून जेवढं दिसेल तेवढं पुरे.

४. कापड ओळखा

इथे घाई करू नका, सगळी कथा इथे आहे.

इरकल ओळखायला सोपी. अंग सुती, गडद रंगाचं, आणि पदर तांबडा, त्यावर पांढऱ्या रंगात कंगव्यासारखे दाते. अंगाचे आणि पदराचे उभे धागे विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात. तो जोड भिंगाखाली दिसला तर तुकडा पदराजवळचा आहे हे नक्की. खणाच्या चोळीचा तुकडा लहान, तिकोनी, काठासकट असतो. इरकलींचं इळकल आणि खणांचं गुळेदगुड्ड ही दोन्ही गावं आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी तो भाग विजापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यात होता. आपल्या आज्यांचा बस्ता तिकडच्या कापडाशिवाय होत नव्हता. सीमाप्रश्नावर एक पान काढायचं असेल तर भाषणबाजीची गरज नाही, हा तुकडा काढा.

साधी सुती पातळं आणि धोतरं ओळखणं कठीण, पण त्यांच्या मागे जिल्ह्याचा उद्योग उभा आहे. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, मिरजेहून, आणि मुंबईच्या गिरण्यांचं कापड स्वस्तात उतरायची सोय झाली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ मध्ये. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात सूत व कापड गिरणीची पायाभरणी केली १९०६ मध्ये. तीच आपली शाहू मिल. घरातलं कोणी मिलमध्ये कामाला होतं का, हे जरूर विचारा. असेल तर कापड कसं घरी यायचं, भोंगा किती वाजता व्हायचा, पगाराच्या दिवशी काय आणायचे, हेही विचारा.

दंड घातलेलं लुगडं हा माझा आवडता पुरावा. लुगडं बसायच्या जागी विरलं की मधला भाग कापून काढायचा, दोन टोकं जोडायची आणि पुन्हा नेसायचं. तुकड्याच्या मधोमध अशी जाड शिवण दिसली तर ते कापड फाटूनही नेसलेलं आहे, आणि नेसण्याजोगं उरलं नाही तेव्हाच वाकळीत आलं आहे. घरची परिस्थिती त्या शिवणीइतकी स्पष्ट कोणी सांगत नाही.

पोत्याचं कापड आतल्या थरात सापडतं. साखरेचं, पिठाचं, खताचं. त्यावरचा अर्धवट पुसलेला शिक्का मिळाला तर त्याचा स्वतंत्र फोटो घ्या. कारखान्याचं किंवा कंपनीचं नाव वाचता आलं तर काळ बराच जवळ येतो. कारण कारखाना सुरू झाल्याच्या आधीचं पोतं असू शकत नाही.

टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर साधारण सत्तरच्या दशकापासून पुढे भरपूर दिसू लागतं. शंका असेल तर आपोआप गळलेला एखादा धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळा. सुताची राख होते, कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. गळलेलाच धागा, आणि वाकळीपासून लांब, अंगणात. वरचे तुकडे पॉलिस्टरचे आणि आतला थर नऊवारीचा असेल तर जुन्या वाकळीला नवं तोंड शिवलेलं आहे. अशा वाकळीला एक तारीख देऊ नका, दोन द्या.

आणखी एक. रोज पांघरली जाणारी सुती वाकळ शेकडो वर्षं टिकत नाही. ‘आमची शिवकाळातली आहे’ असं कोणी सांगितलं तर हसू नका, लिहून घ्या आणि पुढे जा.

५. बोलतं करा

‘तुमच्या आठवणी सांगा’ असा प्रश्न टाकला की समोरची गप्प होते. तुकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, ‘मावशी, ह्यो कुणाच्या लुगड्याचा?’ म्हणजे ‘आमच्या आत्तीचं, ती मेल्यावर फाडलं’ इथून सुरू होतं. मेलेल्या माणसाचं कापड घालायचं की नाही, बाळंतिणीचं घालायचं की नाही, याचे नियम घरोघर वेगळे आहेत. तेही लिहा.

वर्ष विचारू नका, कोणाला आठवत नाही. घटना विचारा. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा ही होती का? बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची की नंतरची? फार वयस्कर बाई असेल तर कोल्हापूर संस्थान विलीन झालं (१ मार्च १९४९) तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आलं, १९४३ पासून कापड मोजूनमापून मिळायला लागलं. त्या काळातल्या वाकळींविषयी त्यांनी आपल्या आईकडून काय ऐकलं, तेही विचारता येतं.

शिवणाऱ्या बाईला मजुरी काय मिळायची हा प्रश्न वगळू नका. पैसे की धान्य, दिवसावर की वाकळीवर, जेवण धरून की सोडून. या प्रश्नाला घरची मालकीण एक उत्तर देते आणि शिवणारी दुसरं. दोन्ही शेजारी शेजारी लिहा, मिटवायला जाऊ नका.

नदीकाठच्या घरांत पुरात गेलेल्या वाकळींचंही विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळकडच्या कित्येक घरांत अंथरूण चार-चार दिवस पाण्याखाली राहिलं. भिजलेली वाकळ दोन माणसांना उचलत नाही, आत गाळ बसतो, वाळायच्या आत कुजते. लोकांनी ती बाहेर टाकली. टाकलेल्या वाकळीचा नकाशाही आठवणीतून काढता येतो. बाईच्या हातात पेन्सिल द्या. ‘मला लिवता येत न्हाई’ म्हणणारी बाई चौकोन मात्र बरोबर मारते, आणि कुठला रंग कुठे होता हे तिला पक्कं ठाऊक असतं. माझ्या मते या भागातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच, कारण ती वस्तू आता कुठल्याच संग्रहालयात येणार नाही.

६. पडताळा

करवीर नगर वाचन मंदिर (स्थापना १८५०) हे पहिलं ठिकाण. स्थानिक इतिहासाची पुस्तकं, जुने अंक इथे बघा. १८८६ चं कोल्हापूरचं इंग्रजी गॅझेटियर मागा. त्या काळी संस्थानात कोण काय विणत होतं, काय घालत होतं, हे त्यात आहे. तिथला इंग्रज अधिकाऱ्याचा सूर जरा चाळून घ्यावा लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयातही जाऊन या.

संस्थानकाळातलं दप्तर बघायचं असेल तर शासनाचं कोल्हापूर पुरालेखागार आहे. ओळखपत्र आणि काय शोधता ते एका कागदावर लिहून घेऊन जा, आधी फोन करा. अडचण अशी की बरंच दप्तर मोडी लिपीत आहे. मोडी वाचणारा ओळखीचा गाठा किंवा शिकून घ्या. नुसती लिपी लवकर येते, हस्ताक्षरं लागायला वेळ जातो. पहिल्याच चित्रकथेसाठी एवढं खोल जायची गरज नसते, छापील साहित्यावर भागतं.

सगळ्यात नेहमीचा सापळा म्हणजे ‘हा तुकडा शाहू महाराजांच्या फेट्याचा’. हे बऱ्याच घरांत ऐकायला मिळेल. खोटं असं म्हणू नका, खरं असंही छापू नका. यावर तोडगा पुढे चित्रांत सांगते.

७. चित्रांतून गोष्ट सांगायची आपली पद्धत बघून या

परदेशी कॉमिक्स चाळण्याआधी गावाबाहेरच्या देवळापाशी जा. तिथे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, असेल. दगडाचे एकावर एक तीन-चार कप्पे. खालच्या कप्प्यात लढाई, कधी पळवून नेलेल्या गाईंसाठी. मधल्यात वीराला अप्सरा घेऊन चालल्यात. वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य. वाचायचं खालून वर. चौकटींत गोष्ट मांडायची ही रीत आपल्याकडे शिलाहारांच्या काळापासून दगडात आहे. करवीर तालुक्यातल्या बीड गावात बरेच वीरगळ एकत्र बघायला मिळतात. वही घेऊन जा आणि नुसतं एवढंच टिपा: शिल्पकारानं किती माणसं काढली आणि किती गाळली. लढाईचा अख्खा प्रसंग दोन-तीन आकृत्यांत उरकलेला असतो.

दुसरी जागा लांब आहे, पण जाच. कुडाळजवळ पिंगुळी, सिंधुदुर्ग जिल्हा. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथीची परंपरा राखली आहे. याच परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. तिथे त्यांच्या कुटुंबानं संग्रहालयही उभं केलं आहे. सुट्या कागदांवर चित्रं, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि एका कथेच्या सगळ्या चित्रांची मिळून एक पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक (लहान चर्मवाद्य) यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं गातो. चित्रातली माणसं बाजूनं काढलेली, डोळे टपोरे, रंग मोजके. फोंडा घाटानं किंवा गगनबावड्याकडून उतरता येतं. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे ना, हे विचारा.

तिथली शैली मात्र उचलू नका. ती त्या घराण्यांची आहे. घ्यायचं ते एवढंच, की चित्रात सगळं सांगायचं नसतं, उरलेलं तोंडानं सांगायचं असतं.

८. पानं रचा

सगळे तुकडे घेऊ नका. चार निवडा, प्रत्येकाला दोन पानं. माझी शिफारस: एक तुकडा कापड कुठून आलं याचा, एक कोणी नेसलं याचा, एक घरात काय बदललं याचा, आणि एक ज्याचा अर्थ कोणालाच लागला नाही असा. हा चौथा वाचकाला सगळ्यात जास्त अडकवतो.

पान चौकटींत वाटताना वाकळीच्या नकाशातलेच आकार वापरा. लहानमोठे, वेडेवाकडे. सगळ्या चौकटी सारख्या केल्यात की पान शाळेच्या तक्त्यासारखं होतं. रंग त्या वाकळीतलेच, पाच-सहा पुरे.

आता तो तोडगा. ज्या गोष्टीला कागद, फोटो, शिक्का किंवा दोन स्वतंत्र माणसांचा दुजोरा आहे ती चौकट सलग रेषेची काढा. जी नुसती घरात सांगतात ती धावदोऱ्याच्या तुटक रेषेनं. पहिल्या पानावर हा नियम एका ओळीत लिहा. शाहू महाराजांच्या फेट्याचा तुकडा मग बिनधास्त काढा, तुटक चौकटीत. घरच्यांचाही मान राहतो आणि इतिहासाचाही.

कपड्यांत आणि वस्तूंत काळ चुकतो तो बहुधा इथेच. १९४० च्या स्वयंपाकघरात स्टीलची भांडी, १९५० च्या चाळीत प्लास्टिकची बादली, असं नकळत होतं. मागचं सामान जुन्या फोटोवरून काढा. फोटो नसेल तर पार्श्वभूमी कोरी सोडा.

संवाद बोलीतच ठेवा. ‘न्हाई’, ‘हाय’, ‘आल्ती’ असं ऐकलं तसं. ते प्रमाण मराठीत सुधारून घेतलंत तर बाईचा आवाज जातो आणि मागे बातमीदाराचा उरतो.

९. आधी सोप्यात दाखवा, मग बाहेर

कच्ची पानं पूर्ण व्हायच्या आधी त्याच घरी जाऊन दाखवा. वाचून दाखवू नका, पान समोर धरा आणि तोंडानं सांगा. जिथे घरातले मध्ये तोडून बोलायला लागतात तिथे काहीतरी चुकलं आहे किंवा काहीतरी नवीन मिळणार आहे. पेन्सिल हातात ठेवा. एखादी गोष्ट नको म्हणाल्या तर काढून टाका. भाऊबंदकीचे, जमिनीचे तपशील तर स्वतःहूनच गाळा.

पक्क्या पानांच्या रंगीत प्रती काढून एक त्या घरी द्या, एक गावच्या वाचनालयात, एक शाळेत. फोटो, नकाशा आणि वहीच्या नोंदी एका पाकिटात घालून वर गाव, महिना, वर्ष लिहा. वाकळ कोणाला जपून ठेवायची असेल तर सांगा: घडी नको, गुंडाळी करा, घडीवर कापड आधी फाटतं. जुन्या स्वच्छ सुती धोतरात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमटपणा आत कोंडतो. वर्षातून एकदा सावलीत वाऱ्यावर घाला. फारच विरलेली असेल तर नवरात्राच्या धुण्यातून तिला वगळा.